अंदमानात पाच जणांचे आठ दिवस : खर्च, बोटी आणि एक राखीव दिवस

८ जानेवारी २०२५ च्या रात्री आम्ही पुण्याहून निघालो, ९ तारखेला सकाळी अंदमानात उतरलो आणि १६ तारखेला परत निघालो. घराला कुलूप लावल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंत पाच जणांचे मिळून २,४०,२०० रुपये खर्च झाले. पाच जण म्हणजे मी, माझे पती, तेरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांना मी पुढे आईच म्हणणार आहे. परतल्यापासून नात्यातल्या आणि सोसायटीतल्या किमान आठ-दहा जणींनी “किती लागले?” असे विचारले आणि प्रत्येक वेळी आकडा सांगून झाल्यावर मला वाटत राहिले की नुसत्या आकड्याने त्यांचे काम होणार नाही. अंदमानात पैसे कुठे जातात यापेक्षा ते कशामुळे जातात हे कळले, तरच पुढच्या माणसाला आपल्या कुटुंबाचा हिशेब मांडता येतो. म्हणून वहीत रोज रात्री टिपलेला खर्च समोर घेऊन हे लिहीत आहे.

सर्वांत मोठा वाटा विमानाचा. पुणे ते चेन्नई, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर आणि तसेच परत, असे माणशी १९,४०० रुपये, म्हणजे पाच जणांचे ९७,००० रुपये झाले आणि एकूण खर्चाचे चाळीस टक्के तिथेच संपले. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात जवळजवळ पूर्ण भाडे पडते, त्यामुळे “धाकट्याचे काय, अर्धेच तिकीट” हा एसटीचा हिशेब इथे चालत नाही. हॉटेलांना ५८,२०० लागले, बोटींना १८,०००, गाड्यांना १४,५००, जेवणखाण्याला २९,०००, समुद्रातल्या गोष्टी आणि प्रवेश तिकिटे यांना १७,५०० आणि औषधे, टोप्या, शहाळी, बक्षिसी अशा किरकोळ गोष्टींना ६,०००. माणशी दिवसाला सरासरी सहा हजार रुपये पडले. आम्ही मध्यम दर्जाच्या हॉटेलांत दोन-दोन खोल्या घेतल्या होत्या. राजधानी पोर्ट ब्लेअरला खोलीला २,८००, हॅवलॉक बेटावर ४,५०० आणि नील बेटावर ३,६०० रुपये रोज, सकाळच्या नाश्त्यासह.

नावांचा एक गोंधळ आधीच दूर करते. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले आणि २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर कधी जुने नाव असते, कधी नवे, आणि तिथले रिक्षावाले व हॉटेलवाले सर्रास जुनीच नावे बोलतात. विमानाचे तिकीट काढताना आयएक्सझेड हे विमानतळाचे सांकेतिक अक्षर पाहिले की चूक होत नाही. मी इथे लोकांच्या तोंडी असलेली नावेच वापरते आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण सहल आखताना आधी विमान पाहतो, मग हॉटेल, आणि “तिथे गेल्यावर बोटीचे बघू” असे म्हणतो. अंदमानात हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तिथल्या प्रत्येक दिवसाची किल्ली बोटीकडे असते. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जायला खासगी बोटीने दीड तास आणि सरकारी बोटीने साधारण अडीच तास लागतात. बोटी दिवसाच धावतात, जागा मोजक्या असतात आणि सकाळची बोट हुकली तर तो दिवस हातचा जातो. म्हणून मी आधी तिन्ही टप्प्यांच्या बोटींच्या वेळा कागदावर मांडल्या, त्यावरून कोणत्या बेटावर किती रात्री हे ठरवले आणि मग हॉटेल व विमान यांची तिकिटे एकाच दिवशी काढली. खासगी बोटीचे भाडे पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक माणशी १,७००, हॅवलॉक ते नील १,३०० आणि नील ते पोर्ट ब्लेअर १,५०० असे होते आणि सात वर्षांच्या मुलालाही पूर्ण तिकीट पडले. धक्क्यावर तासभर आधी पोहोचावे लागते आणि मुलांसकट प्रत्येकाचे आधार कार्ड तपासले जाते. आम्ही मुलांची कार्डे फोनमध्ये ठेवली होती, पण धक्क्यावर नेट चालेना, तेव्हा आईंनी आग्रहाने पिशवीत टाकलेल्या झेरॉक्स प्रतींनीच वेळ निभावून नेली.

दुसरी गोष्ट सूर्याची. ही मला आधी कोणी नीट सांगितली नव्हती आणि तिचा खर्चाशी थेट संबंध आहे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची आहे. अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला आणि पुणे साधारण नऊ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटे धरली तर अंदमानात सूर्य पुण्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि जवळपास तितकाच आधी मावळतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्यास्त होतो आणि सहाला मिट्ट काळोख असतो. पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला दिवस जेमतेम सात तासांचा मिळतो. पाचला उठणाऱ्याला तो बारा तासांचा मिळतो. पहिल्या दोन दिवसांत आमचे चुकलेच, पण तिसऱ्या दिवसापासून मुलांना साडेपाचला उठवले, तेव्हा त्याच पैशांत जवळजवळ दुप्पट दिवस हाती आला. मुलांनी कुरकूर केली नाही, कारण खिडकीबाहेर लख्ख उजाडलेले असे.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही सेल्युलर जेलमध्ये गेलो. आईंचे माहेर नाशिकचे. सावरकरांचे जन्मगाव भगूर तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे “एकदा तात्यारावांची कोठडी पाहायची” हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे आणि खरे सांगायचे तर ही सहल बालीला न जाता अंदमानला जाण्याचे तेच कारण होते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या कारागृहाचे मधल्या मनोऱ्याभोवती सात पाखे होते, त्यांतले आज तीन उभे आहेत. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ती कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे आणि जिने उंच आहेत. आई प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे टेकत वर गेल्या. साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद अशा त्या खोलीत त्या आत शिरल्या, पायातल्या चपला दाराशी काढल्या, मागच्या भिंतीतल्या उंचावरच्या झरोक्याखाली उभ्या राहिल्या आणि हात वर करून पाहिला. हात झरोक्यापर्यंत पोहोचत नव्हता. मग त्यांनी भिंतीला कपाळ टेकवले. आमच्यामागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे लवकर संपतात, ती आधी काढावीत, आणि राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी कारागृह बंद असते, त्यामुळे २६ जानेवारीला जोडून सहल आखणाऱ्यांनी त्या दिवशी दुसरे काही ठेवावे.

१० तारखेला सकाळच्या बोटीने हॅवलॉकला गेलो. खासगी बोट सगळीकडून बंद, वातानुकूलित आणि वेगवान असते. तरुणांना ती सोयीची वाटते, पण आईंना त्या बंद हवेत अर्ध्या तासातच मळमळू लागले. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून नेली होती, ती मात्र त्यांनी बोटीत बसल्यावर घेतली आणि तोवर उशीर झाला होता. गोळी निघण्यापूर्वी, डॉक्टर सांगतील तितका वेळ आधी, घ्यायची असते. नाश्ता हलका हवा, आणि जागा मागच्या बाजूला व मध्यभागी मिळाली तर हेलकावे कमी जाणवतात.

हॅवलॉकची वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी गावांची नावे आहेत आणि किनाऱ्यांना तीन, पाच, सात असे क्रमांक आहेत. बेटावर भाड्याची स्कूटर पाच-सहाशे रुपये रोजाने मिळते आणि जोडप्यांना तेवढे पुरते. आमच्यासारख्या पाच जणांना मात्र प्रत्येक वेळी गाडी ठरवावी लागली आणि दर फेरीचे भाव ठरलेले असल्याने घासाघीस फारशी चालली नाही. इथे एक चूक आम्ही केली: हॉटेल घेताना दोन हजार वाचवण्यासाठी बाजारापासून लांबचे घेतले, आणि तीन दिवसांत जेवायला जाण्यायेण्याच्या गाडीभाड्यातच ते दोन हजार आणि वर काही गेले. गोविंदनगरच्या बाजारापासून पायी अंतरावर राहणे हीच खरी बचत आहे.

राधानगरचा किनारा, म्हणजे सात नंबरचा, ‘टाइम’ने २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. किनारा पश्चिमाभिमुख आहे, वाळू इतकी बारीक आहे की झटकल्यावर अंगाला चिकटून राहत नाही आणि मागे उंच झाडांची भिंत आहे. तिथे दुपारी तीनला पोहोचावे. पहिल्या दिवशी आम्ही पावणेपाचला पोहोचलो, मुले पाण्यात शिरेपर्यंत सूर्य टेकला आणि जीवरक्षकांनी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना बाहेर काढले. तेवढ्यासाठी गाडीचे जाण्यायेण्याचे भाडे दिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी जेवण होताच. शिट्टी वाजल्यावर निमूटपणे बाहेर यावे, हे मी मुलांना दोनदा बजावले, कारण अंदमानच्या खाऱ्या पाण्यात मगरी आहेत, हॅवलॉकच्या एका किनाऱ्यावर २०१० साली एका पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता आणि सूचनाफलक उगाच लावलेले नाहीत. जिथे जीवरक्षक आहेत तिथेच पाण्यात उतरायचे.

समुद्रातल्या गोष्टींपैकी एलिफंट बीचला बोटीने जाणे आणि तिथे डोळ्यांना मुखवटा लावून वरूनच प्रवाळ पाहणे, हे मुलांसाठी सर्वांत चांगले. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी घेऊन बुडी मारणे, मात्र दहा वर्षांखालच्या मुलाला साधारणपणे करू देत नाहीत, त्यामुळे धाकटा किनाऱ्यावर आजीजवळ बसला आणि माझे पती व मुलगी दोघेच गेले. माणशी ४,००० रुपये. दम्याचा किंवा कानाचा त्रास असेल तर अर्जावर लपवू नये. आणखी एक गोष्ट तारखा आखतानाच पाहावी लागते: एकदाच बुडी मारली असेल तर त्यानंतर किमान बारा तास, आणि अनेक बुड्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसायचे नसते, कारण शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे कमी दाबाच्या हवेत बुडबुडे होतात. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवावी. शेवटच्या दिवशी “राहिलेच आहे, करून घेऊ” असे करू नये.

ओहोटीचे वेळापत्रकही आधी पाहावे. पूर्वेकडच्या विजयनगरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतके मागे सरते की उरतात ते खडक आणि घोट्याइतके पाणी. हॉटेलच्या जाहिरातीत मात्र भरतीचाच फोटो असतो. नीलवर लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल नेमका ओहोटीलाच जवळून पाहता येतो. तिथेच आमच्या धाकट्याने रबरी बूट काढून ठेवले आणि प्रवाळाच्या धारेने त्याचा तळवा कापला. जखम बोटाच्या पेराएवढी, पण रक्त थांबेना. नीलच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिकेने जखम तीनदा धुऊन काढली, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहिले तर ती चिघळते, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. खर्च नगण्य झाला आणि त्यांनी ज्या आपुलकीने मुलाला बोलते ठेवले त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. लहान बेटांवर सोय एवढीच असते. त्यापुढचे काही असेल तर पोर्ट ब्लेअरचे जी. बी. पंत रुग्णालय गाठावे लागते आणि तिथे जायलाही बोटच लागते. दोन-तीनशे रुपयांचे रबरी बूट प्रत्येकासाठी घरूनच न्यावेत आणि ते पायातून काढू देऊ नयेत.

१४ जानेवारीला दुपारी नीलहून परतायचे होते. सकाळपासून वारा होता, पण आकाश स्वच्छ होते, म्हणून आम्हाला शंका आली नाही. भरतपूरच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तिकीट खिडकीचे दार अर्धे लावलेले, त्यावर कागद चिकटवलेला आणि भोवती साठ-सत्तर माणसे. समुद्र खवळल्यामुळे आमची बोट रद्द झाली होती. गर्दीत दोन प्रकारची माणसे होती, आणि ती चेहऱ्यावरूनच ओळखू येत होती. ज्यांचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळचे होते, ते खिडकीशी, फोनवर, हवालदाराशी, कोणाशीही बोलत होते. एक तरुण जोडपे तर मासेमारीची होडी मिळेल का म्हणून विचारत फिरत होते आणि तिथल्या कोळ्यांनी साफ नकार दिला, ते योग्यच केले. आमचे विमान १६ तारखेचे होते. १५ तारीख आम्ही पूर्ण मोकळी ठेवली होती.

ती संक्रांत होती. आईंनी पुण्याहून तिळगुळाचा डबा आणला होता, बोटीतून उतरल्यावर पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात वाटायला. त्यांनी तो तिथेच धक्क्यावरच्या कट्ट्यावर बसून उघडला आणि मुलीला म्हणाल्या, “जा, सगळ्यांना एकेक दे. आजच्या दिवशी माणसे भांडायला नकोत.” मुलगी लाजत लाजत खिडकीतल्या कारकुनापासून सुरुवात करून सगळीकडे फिरली. कारकून बंगाली होता. तो म्हणाला की त्यांच्याकडेही आज पौष संक्रांतीला पिठे, म्हणजे तांदळाचे गोड पदार्थ, करतात, आणि त्यानेच आम्हाला सांगितले की दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी बोट सुटण्याची शक्यता आहे, तिकिटासाठी सहालाच या.

त्या रात्रीचे नीलचे हॉटेल ७,२०० रुपये पडले. पोर्ट ब्लेअरच्या खोल्यांचे ५,६०० आधीच दिलेले होते, ते परत मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीचे पाच जणांचे ३,००० रुपये झाले आणि खासगी कंपनीने रद्द बोटीचे ७,५०० रुपये तीन आठवड्यांनी, चार वेळा फोन केल्यावर, परत केले. बेरीज-वजाबाकी केली तर ठरवलेल्या खर्चापेक्षा फक्त २,७०० रुपये जास्त गेले. तो मोकळा दिवस ठेवला नसता तर पाच जणांची नवी विमानतिकिटे ऐनवेळच्या भावाने घ्यावी लागली असती. चिडीया टापूचा सूर्यास्त आणि समुद्रिका संग्रहालय राहून गेले, त्याचे मुलीला वाईट वाटले, पण मला नाही. बेटावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी कळकळीने सांगेन की विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा आणि त्याच्याही आधीचा एक दिवस रिकामा ठेवा. त्या दिवसाचे हॉटेलभाडे हा सहलीचा विमा समजा.

सरकारी बोटीचा अनुभव अनपेक्षितपणे चांगला होता. ती सावकाश जाते, खुर्च्या साध्या असतात, पण उघड्या डेकवर उभे राहता येते आणि त्याच समुद्रात आईंना जराही त्रास झाला नाही. बेटावरचे शिक्षक, भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका, रुग्णालयात निघालेले म्हातारे असे सगळे तिच्यात असतात. नील हे अंदमानचे भाजीचे आगर आहे आणि त्या टोपल्यांतली वांगी-टोमॅटो दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात असतात. या बोटी मुळात तिथल्या रहिवाशांसाठी आहेत, हे लक्षात ठेवून जागेसाठी त्यांच्याशी वाद घालू नये.

जेवणाचे फार सांगण्यासारखे नाही. बहुतेक माल मुख्य भूमीवरून जहाजाने येतो म्हणून भाव थोडे चढे असतात. मासे ताजे मिळतात आणि शाकाहारी थाळी व इडली-डोसा सगळीकडे मिळतो. आईंसाठी दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तिचा उपयोग बोटीच्या दिवशी झाला, कारण पहाटे सहाला काही उघडलेले नसते. रोख पैसे भरपूर ठेवावेत. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून साधारण २,३०० किलोमीटरची केबल आल्यापासून पोर्ट ब्लेअरला नेट चांगले चालते, पण लहान बेटांवर ते मधूनच जाते. ते गेले की यूपीआयही जाते आणि एटीएम तर मोजकेच आहेत. आम्ही माणशी पाच हजार रोख नेले होते आणि ते सगळे संपले.

चुनखडीच्या गुहा असलेल्या बाराटांग बेटाला आम्ही गेलो नाही, आणि ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. पहाटे तीनला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा लागतो आणि रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. ते जेमतेम काही शेच आहेत, १९५६ च्या नियमावलीने त्यांना संरक्षण दिले आहे, त्यांचे फोटो काढणे किंवा त्यांना खाऊ देणे गुन्हा आहे. तरीही “जारवा दिसतील बरं का” असे सांगून सहल विकणारे आम्हाला दोघे भेटले. माणसांना पाहायला तिकीट काढून जाण्याची कल्पनाच मला सहन झाली नाही. चुनखडीच्या गुहा पाहण्याची फार इच्छा असणाऱ्यांनी जंगलातला रस्ता टाळून समुद्रमार्गे जाण्याची सोय आहे का, ते तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारावे.

सहल कंपनीबरोबर जावे का, असेही अनेकींनी विचारले. पुण्यातून एका कंपनीचा भाव आम्ही घेतला होता; तो आमच्या खर्चापेक्षा जास्त होता, पण मराठी सहलप्रमुख, घरगुती चवीचे जेवण आणि बोट रद्द झाली तर धावपळ दुसऱ्याने करणे या गोष्टींची किंमत त्यात असते. दोघेच ज्येष्ठ नागरिक जाणार असतील तर मी कंपनीचाच सल्ला देईन. लहान मुले बरोबर असतील तर स्वतः आखणे बरे, कारण मूल थकले की तो दिवस सोडून देता आला पाहिजे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एलटीसीतून, म्हणजे रजा प्रवास सवलतीतून, अंदमानला विमानाने जाण्याची सवलत अनेक वर्षे वाढवून मिळत आली आहे. ज्यांच्या घरी कोणी केंद्राच्या नोकरीत आहे त्यांनी आधी कार्यालयात चौकशी करावी, आमच्या हिशेबातले सर्वांत मोठे ९७ हजारच त्यातून हलके होऊ शकतात. हंगामाबद्दल एवढेच की डिसेंबरचा शेवटचा आठवडा सर्वांत महाग, मे ते सप्टेंबर पावसाचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत ईशान्य मोसमी पाऊस असण्याचा संभव. म्हणून आम्ही मुलांची शाळा आठवडाभर बुडवून जानेवारी निवडला आणि वर्गशिक्षिकांना तसे आधी लेखी कळवले.

१६ तारखेला वीर सावरकर विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर आमची एक पिशवी बाजूला काढली गेली. जवानाने आईंचा तिळगुळाचा रिकामा डबा उघडायला सांगितला. आत धाकट्याने किनाऱ्यावर वेचलेले शंख, शिंपले आणि पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा होता. किनाऱ्यावरून प्रवाळ आणि शंख उचलून नेण्यास बंदी आहे. दुकानातून घेतलेली वस्तू असेल तर परवानाधारक दुकानाची पावती जवळ ठेवावी लागते, हे मला माहीत होते, पण डब्यात काय आहे हे माहीत नव्हते. जवान शांतपणे मुलाला म्हणाला की यांच्यात छोटे खेकडे घर करतात, ते इथेच राहू दे. मुलाने एकेक वस्तू स्वतःच्या हाताने बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली, तळाशी राहिलेली वाळू मात्र त्याने विचारून ठेवून घेतली की नाही ते मला दिसले नाही. घरी आल्यावर आईंनी डबा घासायला घेतला तेव्हा सिंकमध्ये चमचाभर पांढरी वाळू निघाली.